राबाची राख

सहदेवला लाल दिसलं ते फोर्टातल्या ऑफिसात, कारकुनांच्या मुतारीतल्या पांढऱ्याशुभ्र भांड्यावर. खरं म्हणजे तिथं त्याचं काही काम नव्हतं. लिफ्टमन, शिपाई, पाणी भरणारा अशा माणसांसाठी खाली जिन्यामागे डांबर फासलेली एक काळी भिंत होती, आणि सहदेवनं इतकी वर्षं त्या भिंतीवरच भागवलं होतं. पण त्या दिवशी खालची मोरी तुंबली, म्हणून तो वर गेला, साहेब लोकांसारखा भांड्यासमोर उभा राहिला आणि पांढऱ्यावर लाल उतरलं. अगदी लालभडक नव्हे. चुलीवर जरा जास्त आटलेल्या कोकमाच्या सारासारखं. दुखलं नाही, जळजळलं नाही, काही म्हणजे काही नाही. त्यानं साखळी ओढली, पाणी धबाधबा आलं, भांडं पुन्हा पांढरं झालं. मग तो लिफ्टमध्ये येऊन आपल्या स्टुलावर बसला, जाळीचं दार ओढून घेतलं आणि तिसरा मजला सांगणाऱ्या हेडक्लार्कना सरळ पाचव्यावर घेऊन गेला. "काय सहदेव, झोपेत आहात का?" हेडक्लार्क म्हणाले. सहदेव हसला. हसता हसता त्याला वाटलं की आपण हसतोय ते यांना दिसतंय, पण आत काय चाललंय ते आपल्यालाही दिसत नाही.

दिवसभर लिफ्ट वर गेली, खाली आली, आणि दिवसभर एकच प्रश्न त्याच्याबरोबर वरखाली करत राहिला: हे कधीपासून? गावी, म्हणजे कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्याचं गाव आहे तिथं, पहाटे ओढ्याकडे जायचं, संध्याकाळी बांधावर उभं राहायचं. बांधावर उभा राहिलेला माणूस समोर बघतो, माथेरानच्या डोंगराकडे बघतो, ढग कुठं अडलाय ते बघतो. खाली कोण मरायला बघतंय? पावसाळ्यात खाचरात पाणीच पाणी, उन्हाळ्यात माती अशी तापलेली की थेंब पडला न पडला तोच पिऊन टाकते. गेला पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि ती माती त्याचं रक्त पीत राहिली आणि एका शब्दानं बोलली नाही. याचा त्याला रागच आला. मातीवर रागावणं हा शुद्ध येडेपणा आहे हे त्याला कळत होतं. पण वडील गेल्यापासून त्यानं ज्या एका गोष्टीवर डोळे मिटून भरवसा ठेवला होता ती ही जमीन होती, आणि तिनंच लपवून ठेवलं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं बायकोला, अंबाबाईला, विचारलं, "माझे कपडे धुताना तुला कधी काय दिसलं का गं?"

"कसलं?"

"डाग. लालसर."

अंबाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं आणि त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "नाय बा."

"नीट आठव."

"म्हंजे, एकदोनदा दिसलं होतं. पानाचं असंल म्हटलं."

"मी पान खातो का?"

"नाय खात. मग गंजाचं असंल. तारंवर वाळत घालते ना मी."

ही अंबाबाईची जुनी खोड, आणि ती तिला लागली सहदेवमुळेच. हे इथंच सांगून टाकलेलं बरं. सहदेवनं बायकोवर कधी हात उगारला नव्हता. गावात तो याबद्दल ताठ मानेनं बोलायचा. पण हात उगारायची त्याला गरजच नव्हती, त्याचा चेहरा पुरेसा होता. मनासारखं उत्तर मिळालं नाही की तो काही बोलायचा नाही, फक्त त्याचा चेहरा बदलायचा, जबडा जरा आवळायचा, आणि मग दोन दोन दिवस घरात कुणी मोकळं बोलायचं नाही. लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती ती. पहिल्या वर्षभरातच ती त्याचा चेहरा वाचायला शिकली. भात झाला का, तर झालाच. मग धावतपळत चूल फुंकायची. म्हशीनं दूध दिलं का, तर दिलं की; मग शेजारून उसनं आणायचं. खोटं बोलायची असं नाही म्हणता येणार. समोरचा चेहरा जे मागतोय ते द्यायची. सहदेवला हे माहीत होतं आणि त्याला ते आवडत होतं. घरात शांतता आहे, बायको शब्दाबाहेर नाही, आणखी काय पाहिजे माणसाला?

"उन्हाळी लागली असंल," अंबाबाई म्हणाली, आणि त्याचा चेहरा सैल पडलेला बघून तिलाही धीर आला. "दिवसभर त्या पेटीत बसून असता. सब्जा भिजत घालते. धने-जिऱ्याचं पानी प्या, दोन दिसांत जाईल." आणि दोन दिवसांत खरोखरच गेलं. मग पुन्हा आलं. पुन्हा गेलं. शेवटी एकदा लिफ्टमध्ये त्याच्या डोळ्यांसमोर अंधारी आली, मुठीतला दांडा सुटला, आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळत राहिली. जाळीतून त्याला वरच्या मजल्यावरचे बूट दिसत होते आणि खालच्या मजल्यावरच्या माणसांची डोकी. तेवढा वेळ त्याला फार शांत वाटलं. आपण कुणाच्याच मजल्यावर नाही असं काहीसं वाटलं. मग लोकांनी त्याला ओढून बाहेर काढलं आणि ऑफिसनं हॉस्पिटलात धाडलं.

हॉस्पिटलात त्याला दुर्बिणीनं आतून पाहिलं, पोटावर गार चिकट काहीतरी लावून पडद्यावर पाहिलं, रक्त काढलं, फोटो काढले. डॉक्टर एक बाई होत्या, परदेशात काही नवीन शिकून आलेल्या, केस कापलेल्या, आणि बोलताना त्या त्याच्याकडे बघून बोलायच्या, याचं त्याला नवल वाटायचं. "पोटातलं सगळं रक्त यकृतातून पुढे जातं," त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. "तुमच्या यकृताच्या तोंडाशीच मोठी शीर बुजत आली आहे. मग रक्त काय करणार? आडवाटेनं निघालं. लहानपणी तुमचं मुतखड्याचं ऑपरेशन झालंय ना, त्या जुन्या व्रणाच्या आधारानं ते लघवीच्या पिशवीपर्यंत उतरलं आणि तिथल्या शिरा फुगल्या. पायाच्या शिरा फुगलेल्या पाहिल्यात ना कुणाच्या? तशा. त्या आता फुटतायत."

"मग कापायचं का?"

"कापलं तर रक्त थांबणार नाही. तुम्ही टेबलावरच जाल. म्हणून कापायचंच नाही." आणि त्यांनी तळहातावर एक वस्तू धरली. पोलादाची बारीक स्प्रिंग, नखाएवढी, तिला लोकरीसारखे धागे. "बरगड्यांमधून एक सुई यकृतात, सुईतून नळी, नळीतून ही. फुगलेल्या शिरेत नेऊन सोडायची. भोक आतूनच बंद. तुम्ही जागे असाल. पण एक ऐकून ठेवा, मी खोटं सांगणार नाही. याच्यानं हे भोक बंद होईल. मागचा दाब राहणारच. तो उद्या दुसरीकडून वाट काढू शकतो."

सहदेवनं मान डोलावली. हे त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. बांधात मुठ्यांनी, म्हणजे शेतातल्या खेकड्यांनी, बिळं केली की गवताचा बोळा आणि चिखल कोंबून एक बीळ बुजवायचं, आणि सकाळी उठून बघावं तर पाणी चार हातांवरून दुसऱ्या बिळातून निघालेलं. डॉक्टरीणबाईंनी तारीख दिली आणि तो घरी आला. वाटेत त्याला सारखं वाटत होतं की आपण आता फार दिवसांचे नाही. भीती वाटत होती असं नाही. राग येत होता. कारण एक काम राहिलं होतं.

ते काम काय, ते आता सांगतो. सहदेवला मुलगा नव्हता. एक मुलगी, हिरू, खालापूरला दिलेली, आणि त्या उन्हाळ्यात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. हिरूच्या पाठीवर अंबाबाईला दोन मुलगे झाले होते. दोघेही चांगले गुटगुटीत. दोघेही आठवड्याच्या आतबाहेर गेले. पहिल्यानं आदल्या दिवशीपर्यंत दूध ओढलं, मग ओढेना, तोंड मिटून घेतलं, अंग धनुष्यासारखं ताणलं. दुसऱ्याचंही तेच. बाहेरचं काही आहे असं सगळे म्हणाले. कोंबडं दिलं, उतारा टाकला, घराचं दार फिरवून घेतलं. तिसऱ्या खेपेची हिंमत अंबाबाईला झाली नाही, आणि सहदेवनंही त्या बाबतीत कधी चेहरा केला नाही. एवढं एक त्याच्या बाजूनं सांगायला पाहिजे. पण जमीन होती. भाताची चार खाचरं आणि आंब्याखालचा एक तुकडा. रात्रंदिवस त्याच्या मनात एकच: आपल्यामागं ही कुणाची?

आणि त्यांच्या घराची एक रीत होती. गावात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती, म्हणून तर तिचा अभिमान. उन्हाळ्याच्या शेवटी शेतात राब भाजतात; शेण, पालापाचोळा, डहाळ्या, वर माती असं रचून पेटवतात, आणि त्या भाजलेल्या जमिनीत मग भाताची रोपं करतात. त्या राबाची चिमूटभर राख, आपल्याच शेतातली, घरातल्या कर्त्या पुरुषानं आणायची आणि मुलाची नाळ गळून पडली की बेंबीत भरायची. मुलाच्या, मुलीच्या नाही. मुलगी जायचीच असते. राख भरलेला मुलगा जमीन सोडून जात नाही. सहदेवची आई मोतीबाई जिवंत असेपर्यंत हे सांगायची, आणि सांगताना सहदेवच्या पोटावर हात ठेवायची, तो बाप्या झाला तरी. "याची बेंबी पावसाळाभर सुकली नव्हती बघा. पू काय, ताप काय. माणसं म्हणायची आता याची आशा सोडा. पन मी रोज नवी राख भरली. राखंनंच धरून ठेवला याला." हे ऐकत तो मोठा झाला होता. आपण जमिनीनं धरून ठेवलेला माणूस आहोत हे त्याला इतकं मनापासून पटलेलं होतं की त्यानं मुंबईत कधी खोली घेतली नाही. रोज पहाटे कर्जतची गाडी धरली, रोज परत आला.

हिरूला मुलगा झाला तो सहदेवची तारीख अगदी तोंडावर आली असताना. सहदेव त्याच संध्याकाळी शेतात गेला, राबात बोटं खुपसून खालची मऊ करडी राख घेतली, जुन्या धोतराच्या फडक्यात पुरचुंडी बांधली आणि आणून कोनाड्यात ठेवली.

"हे कशाला?" अंबाबाई म्हणाली.

"कशाला म्हंजे? नाळ पडली की घाल."

"अवो, पोर त्यांचं हाय. खालापूरचं. आपली रीत आपल्याला."

"आपल्याला कोण हाय?" सहदेव म्हणाला. "सांग ना, कोण हाय आपल्याला? हा हितं जन्मला, हितलाच ऱ्हायला पायजे. मी येतो न येतो. माझी वाट बघू नको."

अंबाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग खाली बघत म्हणाली, "हिरूला कुठं घातली होती? जगली ना ती." एवढंच. आणि वर पाहून त्याचा चेहरा दिसल्याबरोबर म्हणाली, "घालते. घालते म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ नामानं त्याला आपल्या टेंपोत पुढं बसवलं. नामा चौकात गॅरेजांना माल पोचवायचा आणि बडबड करून माणसाचं डोकं उठवायचा. पनवेलपर्यंत तो कुणाच्या गाडीचा कुठला भाग कसा बसला ते सांगत होता. सहदेव खिडकीबाहेर बघत होता. शेताशेतांत राबाचे काळे चौकोन दिसत होते, एकेका शेताच्या कोपऱ्यात एकेक. ते त्याला नेहमी बघायला आवडायचे. आज त्यानं त्यांच्यावरून तोंड फिरवून घेतलं, का ते कळलं नाही.

भरती झाल्यावर चार दिवस तपासण्यांत गेले, आणि पाचव्या दिवशी, नामा पुन्हा आलेला असताना, त्याला आत नेलं. टेबल गार होतं. वर एक मोठं यंत्र, बाजूला करड्या काचेचा पडदा. उजव्या कुशीत बधिर करायची सुई टोचली, मग दुसरी, लांब, आणि ती आत जाताना दुखलं नाही, फक्त कुणीतरी आपल्या घरात बूट घालून शिरलं असं वाटलं. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा." डॉक्टरीणबाईंचा आवाज शिशाच्या जड एप्रनाआडून यायचा. मग आत काहीतरी ऊन ऊन पसरलं आणि पडद्यावर त्याच्या शिरा काळ्या काळ्या उमटल्या, पावसाळ्यात भिंतीवर ओल उतरते तशा. हे मी आहे, सहदेवनं स्वतःला सांगितलं. हे सगळं इतकी वर्षं माझ्या आत होतं, मी याच्यावर भाकर खाल्ली, याच्यावर झोपलो, हे घेऊन रोज मुंबईला गेलो. यकृताच्या तोंडाशी जिथं एक जाड शीर असायला हवी होती तिथं बारीक बारीक शिरांचं जाळं माजलं होतं. डॉक्टरीणबाई पडद्यावरच्या त्या जाळ्याकडे वाकल्या.

"दारू?" त्यांनी विचारलं.

"नाय बाई. माळ नाय घातली, पन थेंबाला शिवलो नाय."

"मग हे फार जुनं आहे. तान्हेपणचं. आई काही सांगायची का? बेंबी पिकली होती? पू वगैरे?"

सहदेवला आधी बरंच वाटलं. आईची ती गोष्ट मुंबईच्या डॉक्टरणीलाही विचारावीशी वाटली. "व्हय तर," तो म्हणाला. "पावसाळाभर सुकत नव्हती. पन आईनं रोज राख घातली, शेतातली. तिनंच वाचलो."

नळी धरलेले हात चालूच ठेवून बाई हळू म्हणाल्या, "राखेनं वाचला नाहीत, सहदेव. राखेतूनच झालं असणार. नक्की कोण सांगणार आता, पण बेंबीतून घाण आत जाते, तिथली शीर सुजते आणि बुजते. ती ही. तुम्ही नशीबवान म्हणायचे. शेणामातीच्या राखेनं पोरं धनुर्वातानं जातात. आठवड्याच्या आत. जबडा मिटतो, दूध ओढत नाहीत, अंग ताठ. आम्ही किती बघतो."

पडदा दिसत होता, पण सहदेवला पडद्यावर काही दिसेना. दुसऱ्या मुलाचं तोंड दिसलं. त्या मिटलेल्या तोंडात अंबाबाई बोटानं दूध लावत होती आणि ते ओघळून मानेखाली जात होतं. दोघांची राख त्यानंच आणली होती. दोन्ही वेळेला त्यानंच, याच दोन बोटांच्या चिमटीत धरून, ओल्या बेंबीत दाबून दाबून भरली होती, आणि भरताना मनात म्हटलं होतं, आता कुठं जातोस? आणि हिरू, जिला कुणी जमिनीला बांधायचं मनात आणलं नाही, ती जगली. जगली ना ती, असं अंबाबाई म्हणाली होती. कोनाड्यात पुरचुंडी होती. फडक्याची गाठ त्यानंच मारली होती. तो उठायला गेला.

"हलू नका!" बाई ओरडल्या. कुणीतरी त्याचे खांदे दाबून धरले. "सुई यकृतात आहे, मरायचंय का?"

"बाई, मला घरी जायचंय."

"जाल हो. परवा-तेरवा जाल."

"आत्ता. घरी पोर हाय. मी राख..." पण श्वास रोखा म्हणाले, आणि त्यानं रोखला. यापेक्षा भयंकर गोष्ट त्याच्या आयुष्यात घडली नव्हती: अंगातला कण न् कण धावत सुटला होता आणि अंग हलवायचं नव्हतं. पडद्यावर नळीचं टोक त्याच्या आत खाली खाली उतरत गेलं, फुगलेल्या वळणांपाशी पोचलं, आणि ती इवलीशी स्प्रिंग सुटली, गुंडाळली, बसली. मग दुसरी. काळी ओल हळूहळू पुसट झाली. खोलीतली माणसं एकमेकांकडे बघून हसली. "झालं," बाई म्हणाल्या, "छान बसलंय," आणि त्यांचा घामेजलेला आनंदी चेहरा त्याच्यावर वाकला. त्याला ओरडावंसं वाटलं की माझं काय घेऊन बसलात!

वॉर्डात आणल्याबरोबर त्यानं नामाला जवळ बोलावलं. उजव्या कुशीवर पडून राहायचं, अजिबात उठायचं नाही, असं सांगितलेलं होतं. "नामा, आत्ताच्या आत्ता घरी जा. वहिनीला सांग, राख घालायची नाय. पुरचुंडी फेकून दे, तू स्वतः फेक, वढ्यात. आन घातली असंल तर पोराला घेऊन ये हितं. टेंपोत घाल आन घेऊन ये."

"दादा, भुलीचं औषध अजून उतरलं नाय वाटतं तुझं," नामा हसला.

"नामा, माझी दोन्ही पोरं मी मारली रं," सहदेव म्हणाला. हे त्यानं मोठ्यानं म्हटलं, शेजारच्या खाटेवरचा माणूस वळून बघायला लागला. नामा हसायचा थांबला. त्यानं पुढं काही विचारलं नाही, टेंपोची किल्ली उचलली आणि गेला.

नामा गेला आणि सहदेव मोजत बसला नाही, मोजून काय होणार? टेंपो कुठं आला असेल तेवढं मनात चालवत राहिला. पनवेल. मग डोंगराच्या अंगानं येणारा रस्ता, चौकातली गॅरेजं. नामा तिथं कुणाशी बोलत उभा नाही ना राहणार? मध्येच झोप लागायची, झोपेत तो लिफ्ट चालवत असायचा, आणि लिफ्टमध्ये अंबाबाई कडेवर पोर घेऊन उभी असायची आणि कुठला मजला ते सांगायची नाही. जाग आली की खाटेच्या कडेला टांगलेल्या बाटलीकडे लक्ष जायचं. नळीतून लघवी उतरत होती. आधी गुलाबी, मग फिकी, मग सकाळपर्यंत नितळ. नर्सनं ती उजेडात धरून दाखवली. "बघा मामा, स्वच्छ!" त्याच्या वॉर्डात ती बाटली बघायला दोन शिकाऊ डॉक्टरसुद्धा येऊन गेले. नवीन इलाज होता ना, कौतुक होतं सगळ्यांना. सहदेवला वाटलं, दाब मागं तसाच आहे. तो आता वाट शोधत असणार.

भेटायच्या वेळेला दाराशी अंबाबाई दिसली. एकटीच, हातात पेजेचा डबा, पायांवर रस्त्याची धूळ. ती पहाटेच्या एसटीनं निघाली होती. नामा तिला भेटलाच नव्हता. रात्री वाटेत टेंपो बंद पडला असेल, पहाटे तो चौकातून आत वळला असेल आणि ही तोवर फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असेल. दोघं एकमेकांना ओलांडून गेले. तिनं आधी बाटली पाहिली. "अगं बाई, सफेद झालं की वो!" म्हणाली आणि डबा खाली ठेवून हात जोडले. इतकी खूश तिला त्यानं बऱ्याच वर्षांत पाहिली नव्हती.

"पोर कसं हाय?"

"झ्याक. हिरूजवळ गोदाबाय सुईन हाय, म्हणून तर आले."

"नाळ पडली?"

"पडली की. काल."

सहदेवनं जीभ ओठांवरून फिरवली. "आन राख?"

"घातली," अंबाबाई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "तुमी सांगितलं तशीच, चांगली दाबून घातली. हिरू नको नको करत होती, पन मी ऐकलं नाय तिचं. म्हटलं, त्यांनी जाताना सांगितलंय..."

डब्याचं झाकण तिच्या हातात तसंच राहिलं. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं.

"म्हंजे घातली नाय तशी," ती म्हणाली. "कपाळाला लावली. अंगाऱ्यासारखी. बेंबीत नाय घातली."

"अंबा, खरं सांग."

"खरंच सांगते. बेंबीत खोबरेल लावलं नुसतं."

"आत्ताच म्हणालीस दाबून घातली."

"तुमाला बरं वाटावं म्हणून म्हटलं."

"आन आता? आता कशासाठी म्हणतेस?"

अंबाबाईनं झाकण डब्यावर घट्ट बसवलं. सहदेवनं चेहरा सैल करायचा प्रयत्न केला. जबडा सोडला, कपाळ सोडलं, पण कुठलं काय सोडलं म्हणजे या बाईला आपली भीती वाटणार नाही, हे त्याला ठाऊकच नव्हतं. "मी रागवत नाय गं," तो म्हणाला. "घातली असंल तर घातली म्हण. नसंल घातली तर नाय म्हण. माझ्याकडं बघू नको, तिकडं भिंतीकडं बघून सांग."

तिनं भिंतीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत तिनं भिंतीकडे बघून कधी काही सांगितलं नव्हतं. तिनं दोन पोरं हाताखालून जाताना पाहिली होती, तिच्या मनात राखेचा संशय केव्हाचा असला पाहिजे. पुरचुंडी तिनं गुपचूप ओढ्यात टाकली असेल आणि मग भीतीनं घातली म्हणाली असेल. किंवा सांगितलं होतं तसं केलं असेल आणि आता भीतीनं नाही म्हणत असेल. दोन्ही खरं वाटत होतं. त्यानं तिचा हात ओढून जवळ घेतला, बोटं उलटी करून पाहिली. नखांत राख होती. पण रोज राखेनं भांडी घासणाऱ्या बाईच्या नखांत राख असतेच.

सहदेवच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यानं ते पुसलं नाही. तिचा हात तसाच धरून त्यानं विचारलं, "पोर दूध ओढतंय ना गं?"

अंबाबाईनं आधी भिंतीवरची नजर काढली आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.